‘प्ले’ या अल्बममधले गॉस्पेल नेमके कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन संगीतकार मोबीच्या ‘प्ले’ या अल्बममध्ये जुन्या गॉस्पेल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधले भक्तिसंगीत) आणि ब्लूज (त्यांचेच सुखदुःखाचे लौकिक गाणे) गायकांचे आवाज इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर इतके स्वाभाविक कसे वाटतात, हे केवळ जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडण्याचे कसब आहे की त्यामागे काही सांगीतिक विचार आहे, आणि असे काम स्वतः करायचे झाल्यास काय सांभाळावे. संगीतनिर्मिती आणि ध्वनिमिश्रण हा माझा व्यवसाय असल्यामुळे या प्रश्नाच्या प्रत्येक भागाशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून उत्तर विस्ताराने देतो. आधी माझे मत सांगतो, म्हणजे पुढचा तपशील कशासाठी आहे ते कळेल. गॉस्पेल म्हटले की आपल्याला भरदार, आर्त आवाज आठवतो. परंतु गॉस्पेलचे खरे बळ गाण्याच्या घडणीत असते. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत ती तापवत नेणे, एकाने म्हणायचे आणि इतरांनी झेलायचे, आणि मोकळे होण्याचा क्षण शक्य तितका लांबवत राहणे, अशी ती घडण आहे. ‘प्ले’ने यातली पुनरावृत्ती फार सुंदर उचलली, मंडळींनी झेलण्याचा भाग जवळजवळ सोडून दिला, आणि त्या सोडण्यातूनच या अल्बमचा एकाकी रंग तयार झाला.

‘प्ले’ मे १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये म्यूट या कंपनीने प्रकाशित केला. मोबी, म्हणजे रिचर्ड मेलव्हिल हॉल, याने तोपर्यंत न्यूयॉर्कच्या नृत्यसंगीतात नाव कमावले होते. पण १९९६ मधला त्याचा ‘ॲनिमल राइट्स’ हा पंक वळणाचा, गिटारप्रधान अल्बम श्रोत्यांनी नाकारला होता आणि पुढच्या कामाकडून कुणाच्या फारशा अपेक्षा उरल्या नव्हत्या. ‘प्ले’ त्याने मॅनहॅटनमधल्या आपल्या राहत्या घरातच सॅम्पलर (ध्वनिमुद्रणाचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, साठवून हवा तसा वाजवणारे यंत्र), कीबोर्ड आणि संगणक घेऊन तयार केला. सुरुवातीची विक्री मंद होती. मग त्यातले एकेक गाणे जाहिराती, चित्रपट आणि मालिका यांत वाजू लागले, अखेरीस १८ च्या १८ गाण्यांचे परवाने दिले गेले, आणि २००० मध्ये अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. जगभरात त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

त्यातले अनेक गाजलेले आवाज आले ते ॲलन लोमॅक्स या लोकसंगीत संग्राहकाच्या ध्वनिमुद्रणांतून. १९५९ मध्ये लोमॅक्सने इंग्लंडची गायिका शर्ली कॉलिन्स हिच्यासोबत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा दौरा केला आणि चर्चमध्ये, घरांच्या ओसरीवर, तुरुंगांमध्ये जाऊन लोकांची गाणी स्टिरिओ टेपवर उतरवून घेतली. त्यातला काही भाग ॲटलांटिक कंपनीने १९६० मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९९३ मध्ये तोच ‘साउंड्स ऑफ द साउथ’ या नावाने चार सीडींच्या संचात पुन्हा आला. हा संच मोबीच्या हाती लागला. हे सांगण्याचे कारण तांत्रिकही आहे. ही ध्वनिमुद्रणे १९३० च्या दशकातल्या खरखरीत तबकड्यांसारखी नव्हती. चांगल्या मायक्रोफोनने, चांगल्या टेपवर घेतलेले, गायकाच्या श्वासासकट जवळून ऐकू येणारे ते आवाज होते. म्हणूनच त्यांच्याखाली आधुनिक ठेका ठेवल्यावर ते विरून जात नाहीत.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘प्ले’मधले जुने आवाज सरसकट गॉस्पेलचे नाहीत. ‘हनी’मध्ये बेसी जोन्स यांचा आवाज आहे, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील सेंट सायमन्स बेटावरच्या या गायिकेचे मूळ गाणे टाळ्यांच्या ठेक्यावरचे, पूर्णपणे ऐहिक खेळगाणे आहे. ‘फाइंड माय बेबी’मध्ये आर्कान्सामधल्या बॉय ब्लू या गायकाचा ब्लूज आहे. ‘नॅचरल ब्लूज’च्या नावात ब्लूज असला तरी त्यात अलाबामातील व्हेरा हॉल यांनी गायलेले ‘ट्रबल सो हार्ड’ हे स्पिरिच्युअल आहे, म्हणजे कुणी रचले ते ठाऊक नसलेले, तोंडातोंडी चालत आलेले भक्तिगीत. ‘रन ऑन’ हे १९४० च्या दशकातल्या बिल लँडफर्ड आणि लँडफर्डेअर्स यांच्या ध्वनिमुद्रणावर उभे आहे. चार-पाच पुरुष आवाजांनी ठसक्यात, जवळजवळ बोलल्यासारखे गाण्याची ती ज्युबिली पद्धत. काटेकोर अर्थाने ज्याला गॉस्पेल गायनवृंद म्हणावे तो आपल्याला ‘व्हाय डज माय हार्ट फील सो बॅड?’ या गाण्यातल्या १९६३ च्या ध्वनिमुद्रणात भेटतो.

हा भेद कामाचा आहे, कारण प्रत्येक प्रकाराची लय वेगळी आणि म्हणून त्याच्याखाली ठेवायचा ठेकाही वेगळा. स्पिरिच्युअल जुने आणि बहुतेक वेळा वाद्यांविना गायले जाणारे. गॉस्पेल त्या मानाने अलीकडचे, विसाव्या शतकातले आणि शहरातले. शिकागोमधल्या टॉमस डॉर्सी यांनी १९३० च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले. ते आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूजचा पियानो वाजवत असत, आणि चर्चमध्ये आल्यावर त्यांनी तीच झुलती लय देवाच्या गाण्याखाली ठेवली. अनेक पाद्र्यांना ते सुरुवातीला मुळीच रुचले नाही. पुढे १९५४ मध्ये रे चार्ल्स यांनी ‘आय गॉट अ वूमन’ हे गाणे एका गॉस्पेल गीताच्या चालीवर उभे केले, देवाच्या जागी प्रेयसी आली, आणि सोल, म्हणजे गॉस्पेलच्या ढंगाने गायलेल्या लौकिक गाण्यांच्या, संगीताचा रस्ता मोकळा झाला. अरीथा फ्रँकलिन तर डेट्रॉइटच्या नामवंत पाद्र्याचीच मुलगी. म्हणजे सोल आणि गॉस्पेल यांचे मिश्रण हे काही इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी नव्याने घडवून आणलेले नाही. ती दोन्ही गाणी एकाच घरातली आहेत आणि त्यांची ये-जा आधीपासून चालूच होती.

यंत्र आणि भक्ती यांच्यात काही मूलभूत विरोध आहे, असे अनेकजण गृहीत धरतात आणि मग ‘इतके सहज कसे जमले’ असा प्रश्न विचारतात. मला तो विरोधच मान्य नाही. गॉस्पेलचे आज आपल्या कानात बसलेले मुख्य वाद्य कोणते? हॅमंड ऑर्गन. लॉरेन्स हॅमंड यांनी ते १९३५ मध्ये बाजारात आणले. त्यात नळ्या नाहीत. विजेच्या मोटरवर फिरणारी ९१ लहान धातूची चाके आहेत, प्रत्येक चाकाजवळ एक चुंबकीय पिकअप आहे, आणि ड्रॉबार नावाच्या पट्ट्या पुढे-मागे सरकवून वादक मूळ स्वरात किती उपस्वर मिसळायचे ते ठरवतो. सिंथेसायझरमध्ये ज्याला स्वरांची बेरीज करून नाद घडवणे म्हणतात ते तत्त्व हेच. नळ्यांचा ऑर्गन परवडत नसलेल्या असंख्य चर्चनी हे यंत्र घेतले, त्याला डॉन लेस्ली यांचा फिरता स्पीकर जोडला, आणि त्या फिरण्यातून उमटणारी थरथर आज आपण ‘भक्तीचा आवाज’ म्हणून ओळखतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वीज ड्रम मशीनच्या कितीतरी आधी पोहोचली होती आणि तिने भक्तीचे काहीही बिघडवले नव्हते.

घडणीकडे वळू. गॉस्पेल गाण्याच्या उत्तरार्धात बहुधा एक भाग येतो त्याला व्हॅम्प म्हणतात. कडवी संपतात, दोन किंवा चार मापांचा एक तुकडा घेतला जातो, गायनवृंद तो फिरवत राहतो, मुख्य गायक त्यावर मोकळेपणाने बोलतो, ओरडतो, पुन्हा गातो. ढोल दाट होत जातो, कधी पट्टी अर्ध्या स्वराने चढते, आणि थांबायचे केव्हा हे समोरच्या मंडळींच्या अंगात आलेल्या आवेशावरून ठरते. वारकरी भजनातला गजर ज्यांनी उभा राहून अनुभवला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आता शिकागोकडे पाहा. १९७७ पासून फ्रँकी नकल्स तिथल्या वेअरहाउस क्लबमध्ये तबकड्या वाजवत होते, आणि जिथून ‘हाउस’ या नृत्यसंगीताच्या प्रकाराचे नाव आले त्या जागेत येणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांपैकी अनेकांचे बालपण रविवारच्या चर्चमध्ये गेलेले होते. हाउसमध्ये चारही मात्रांवर पडणारा बेस ड्रम आणि न संपणारा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, आहे. तो लूप म्हणजे व्हॅम्पच, फक्त आधीची कडवी गाळून थेट तिथूनच गाणे सुरू केलेले. मार्शल जेफरसन यांनी घडवलेले सीसी रॉजर्स यांचे ‘समडे’ किंवा जो स्मूथ यांचे ‘प्रॉमिस्ड लँड’ ही १९८७ मधली दोन्ही गाणी ऐकली तर त्यांतला गायक वेदीसमोर उभा आहे असेच वाटते, शब्दांतही आणि आवाजाच्या फेकीतही.

मोबी या परंपरेच्या नंतर आला आणि त्याने काम उलट्या दिशेने केले. शिकागोच्या लोकांनी चर्चमध्ये तयार झालेला गायक प्रत्यक्ष स्टुडिओत उभा केला. मोबीच्या समोर गायक नव्हताच, फक्त टेपवरचा आवाज होता. ‘नॅचरल ब्लूज’ जवळून पाहिले की या परिस्थितीतून काय काय निर्माण झाले ते दिसते. व्हेरा हॉल मूळ गाणे एकट्याने, वाद्याविना गातात. त्यामुळे त्याला सूर आहे, लय आहे, पण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, नाही. कोणत्या स्वराखाली कोणती स्वरसंगती मानायची हे ऐकणाऱ्यावर सोडलेले आहे. मोबीने तीच मोकळी जागा वापरली. माझे दुःख देवाशिवाय कुणालाच ठाऊक नाही, या अर्थाची ओळ तो पुन्हा पुन्हा आणतो आणि तिच्याखालची स्वरसंगती हलवत राहतो. आवाज तोच, तुकडा तोच, तरीही एका फेरीत ती ओळ तक्रार वाटते आणि दुसऱ्या फेरीत धीर. या गाण्यात मोबीची खरी रचना जर कुठे असेल तर ती इथे आहे, ठेक्यात नाही. ठेका साधाच आहे, आणि तो साधा ठेवण्यात त्याची समज दिसते.

हे करताना जी अडचण येते ती प्रत्येक सॅम्पल वापरणाऱ्याच्या ओळखीची आहे. वाद्याविना गाणारी व्यक्ती मेट्रोनोम या मात्रा मोजणाऱ्या यंत्राप्रमाणे गात नाही. ती ओळीच्या सुरुवातीला थोडी रेंगाळते, मध्ये घाई करते, शेवटचा स्वर श्वास संपेपर्यंत धरते. संगणकातला ग्रिड, म्हणजे मात्रांच्या रेघांची चौकट, मात्र समान अंतराचा. नवशिका माणूस प्रत्येक अक्षर ओढून ग्रिडवर बसवतो आणि आवाजाचा जीव जातो. माझा नियम असा आहे की संपूर्ण ओळीतले एकच जोराचे अक्षर निवडावे, तेवढेच मात्रेवर ठेवावे, आणि बाकीची अक्षरे गायकाने जिथे ठेवली तिथेच राहू द्यावीत. ती मात्रेच्या मागेपुढे झाली तर त्या ओढाताणीतच गाणे डोलू लागते. वेग जुळत नसेल तर आवाज ताणण्याआधी ठेक्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांची संख्या, बदलून पाहावा. सुराचेही तसेच. मोकळ्या गळ्याचा षड्ज पियानोच्या कुठल्याही दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडू शकतो. अशा वेळी आवाजाला पियानोकडे न नेता कीबोर्डचा सूर काही सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वरखाली करून आवाजाकडे नेणे केव्हाही चांगले. आणि गंधाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ब्लूज आणि स्पिरिच्युअल गाणाऱ्यांचा गंधार बहुधा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो. त्याच्याखाली ठळक शुद्ध गंधाराची मेजर कॉर्ड दाबली की गायक बेसूर वाटू लागतो, जेव्हा प्रत्यक्षात चूक आपल्या कॉर्डची असते. म्हणून अशा जागी गंधार वगळलेली कॉर्ड किंवा मायनर कॉर्ड वापरून आवाजाला जागा ठेवावी.

‘व्हाय डज माय हार्ट फील सो बॅड?’ हे गाणे मोबीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवान टेक्नो (यंत्रांवर घडवलेले नृत्यसंगीत) म्हणून केले होते आणि ते त्याला स्वतःला सामान्य वाटले होते; ‘प्ले’साठी त्याने ते बाहेर काढून संथ केले. वेग उतरल्याबरोबर काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. पियानोवर ए मायनर, ई मायनर, जी, डी अशी चार कॉर्डची फेरी चालते, पुरुषाचा आवाज आपले मन इतके खिन्न का, हा एकच प्रश्न विचारत राहतो, आणि मग स्त्रीचा आवाज येतो तेव्हा पायाखालची स्वरसंगती सी मेजरकडे वळते. चर्चमध्ये अशा प्रश्नाला समोरची मंडळी उत्तर देतात: ‘होय’, ‘गा’, ‘सांग’. इथे मंडळी नाहीत. प्रश्नाला उत्तर देते ती कॉर्ड. या एका गोष्टीत मला ‘प्ले’चे संपूर्ण सौंदर्य आणि त्याची मर्यादा दिसते. एका खोलीत एकटा बसलेला माणूस अनोळखी, बहुतांशी दिवंगत लोकांचे आवाज ऐकतो आहे आणि त्यांना आपल्या परीने साथ करतो आहे, अशी भावना या अल्बमभर आहे. म्हणून तो रात्री एकट्याने हेडफोनवर ऐकताना इतका भिडतो. परंतु ज्या गाण्यांचा जन्मच अनेकांनी मिळून गाण्यासाठी झाला ती इथे एकट्याची झाली, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी वाट कशी असते ते पाहायचे असेल तर रॉबर्ट हूड यांचे फ्लोअरप्लॅन या नावाने केलेले काम ऐकावे. हूड हे डेट्रॉइट टेक्नोच्या महत्त्वाच्या संगीतकारांपैकी एक आणि स्वतः दीक्षित धर्मोपदेशक. २०१३ मधल्या ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ या रचनेत त्यांनी अरीथा फ्रँकलिन यांचा ज्या ध्वनिमुद्रणातला आवाज घेतला, ते जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांच्या गायनवृंदाच्या साथीने प्रत्यक्ष मंडळींसमोर झाले होते. हूड त्या आवाजाखाली नवी स्वरसंगती रचत बसत नाहीत. ते तुकडा लहान ठेवतात, ठेका कठोर ठेवतात आणि मोकळे होण्याचा क्षण पुढे पुढे ढकलत राहतात. उत्तर देण्याचे काम ते नाचणाऱ्या गर्दीवर सोपवतात. घरी ऐकताना ही रचना ‘प्ले’पेक्षा कोरडी वाटू शकते, मोठ्या स्पीकरसमोर, लोकांमध्ये उभे राहून ऐकली तर ती गॉस्पेलच्या कितीतरी जवळ आहे असे माझे ठाम मत आहे.

आता हक्कांबद्दल, कारण प्रश्नाचा व्यावहारिक भाग तोच आहे. गाणे पारंपरिक आहे म्हणून त्याचे ध्वनिमुद्रणही मोफत आहे, असे समजू नये. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि सॅम्पलसाठी दोन्ही तपासाव्या लागतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्यानुसार १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. याचा अर्थ असा की १९६० साली निघालेली एखादी तबकडी इथे मुदतीबाहेर गेली असली तरी तिच्यावर बांधलेले गाणे जगभर ऐकवणाऱ्या ॲपवर चढवताच अडचण उभी राहू शकते. लोमॅक्स यांच्या संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवर ऐकायला खुला आहे. ऐकण्याची मुभा ही वापरण्याची परवानगी नव्हे, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

कायद्याच्या पलीकडचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. व्हेरा हॉल यांनी लोकांच्या घरी स्वयंपाक आणि धुणे करून आयुष्य काढले आणि १९६४ मध्ये, म्हणजे ‘प्ले’ येण्याच्या ३५ वर्षे आधी, त्या गेल्या. अल्बमच्या पुस्तिकेत लोमॅक्स पितापुत्र आणि इतर संग्राहकांचे आभार मानलेले आहेत, आणि मोबीने हे स्रोत कधी लपवलेही नाहीत. तरीही ज्या लाखो लोकांनी जाहिरातीत, दुकानात, विमानतळावर तो आवाज ऐकला त्यांच्यापर्यंत गायिकेचे नाव पोहोचले नाही, कारण गाण्याच्या नावापुढे ते नव्हते. माझ्या मते ज्याच्या आवाजावर गाणे उभे आहे त्याचे नाव गायक म्हणून मुख्य नावाशेजारीच छापले पाहिजे, मग तो हयात असो वा नसो.

स्वतः करून पाहायचे असेल तर माझा आग्रह जुन्या टेपऐवजी जिवंत गायक बोलावण्याचा आहे, आणि एकट्याला नव्हे तर निदान चार-पाच जणांना एकत्र. त्यांना वेगवेगळ्या मायक्रोफोनवर अलग अलग गाऊ देऊ नये. एकाच खोलीत अर्धवर्तुळात उभे करून दोन मायक्रोफोन थोडे दूर ठेवावेत, म्हणजे एकमेकांना झेलताना होणारी किंचित मागेपुढे टेपवर येते. टाळ्याही त्यांच्याच घ्याव्यात, सॅम्पल पॅकमधल्या, म्हणजे तयार आवाजांच्या संचातल्या, नव्हे, आणि त्या ग्रिडवर सरळ करू नयेत. पहिल्यांदा ध्वनिमुद्रण करताना त्यांना ठेका ऐकवू नये. आधी त्यांची चाल समजून घ्यावी आणि मग ठेका त्या चालीला जुळवावा. मिश्रण करताना आवाजाचा मध्यभाग, साधारण ३०० हर्ट्झपासून ३ किलोहर्ट्झपर्यंतचा, पॅड (मागे लांबत राहणारे सिंथेसायझरचे स्वर) आणि पियानोकडून मोकळा करून घ्यावा. सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे चढण. आजकाल गाणे पहिल्या सेकंदापासून कमाल पातळीवर दाबून ठेवण्याची सवय लागली आहे. गॉस्पेलच्या घडणीचे गाणे तसे केले तर शेवटी गायनवृंद उसळतो तेव्हा त्याला वर जायला जागाच उरत नाही. म्हणून मिश्रणाची सुरुवात गाण्याच्या शेवटापासून करावी: जिथे सगळे एकदम गात आहेत तो भाग आधी पूर्ण पातळीवर बसवावा, आणि तिथून उलटे येत सुरुवातीचा एकटा आवाज त्याच्यापेक्षा चार-पाच डेसिबल खाली ठेवावा.